जास्तीचे पाटे

सकाळी सात वाजता मी आणि माझी बायको गाडीच्या दारावर आकडे रंगवत होतो. तिनं पत्र्याचा साचा दोन्ही हातांनी दाराला दाबून धरला होता आणि मी कापडाचा बोळा पांढऱ्या रंगात बुडवून त्याच्यावर टेपत होतो. आम्ही मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम ते. त्या रंगाचा वास मला आजही नको वाटतो. दिवाळीला गल्लीत कुणी दार रंगवायला काढलं की मी दुसऱ्या वाटेनं जातो.

मी चौथी शिकलेला माणूस. ती सातवी पास होती. म्हणून गाडीच्या कागदावरचे आकडे ती वाचायची आणि मी रंगवायचो. वरच्या ओळीत रिकाम्या गाडीचं वजन, तेराशे पन्नास किलो. त्याच्या खाली भरल्या गाडीचं, तेवीसशे पन्नास. सगळ्यात खाली बसणारी माणसं, तीन. भरल्यातनं रिकामं वजा केलं की हजार उरतात. म्हणजे गाडी एक टनाची.

"दर साली एवढं छान रंगवताय," ती म्हणाली, "एक दिस तरी पाळलंय का?"

"साचा हलवू नगंस. पाचाचं पोट फुटंल."

"पाचाचं फुटू द्या. गाडीचं फुटाय आलंय ते बघा."

असं बोलायची. तोंडावर. आणि हसायची नाही, त्यामुळं जास्त लागायचं.

नव्वदनंतरची वर्षं होती. तासगावच्या बाजूला द्राक्षांचे मळे वाढले होते, बेदाण्याची शेडं उठली होती, आणि शेडातनं सांगलीच्या मार्केटला पेट्या पोचवायला गाड्या पुरत नव्हत्या. माझी पिकप तवाही जुनीच होती. जीपसारखं तोंड, मागं लोखंडी हौदा, तो बंद करायला लाकडी फाळका. हल्ली काही हौशी लोक असल्या जुन्या गाड्या शोधत हिंडतात. दोघं-तिघं माझ्या दारात येऊन गेले. आजोबा, तुमची कुठल्या वर्गातली होती, पाऊण टनाची का एक टनाची का दीड टनाची? एकानं वही काढली होती. त्याला असं वाटत होतं की ह्या फार मजेच्या गोष्टी आहेत. मी म्हटलं, कागदावर एक टनाची, रस्त्यावर दोन टनाची, आणि मी स्वतः कवडीचा. तो वहीत लिहायला लागला तसा मी त्याला हाकलला.

पण आता सांगायला बसलोच आहे तर ते वर्ग काय होते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडी बनवणारा ठरवून देतो की ही एवढं ओझं नेईल. त्या आकड्यात सगळं आलं. चाकाचा आस, टायर, ब्रेक, गाडीची खालची चौकट आणि पाटे. पाटे म्हणजे मागच्या चाकावर एकावर एक बांधलेल्या पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या. ओझं पडलं की त्या दबतात, खड्डा आला की लवतात, आणि धक्का माणसापर्यंत येऊ देत नाहीत. एक टनाच्या गाडीला एक टनापुरते पाटे. त्याच्यावर माल भरला की गाडीचं ढुंगण खाली बसतं आणि रस्त्यात कुणालाही लांबनं दिसतं की हा जास्त भरून चाललाय.

मग आमच्याकडच्या सगळ्या पिकपवाल्यांनी एकच शहाणपण केलेलं. दोन्ही बाजूंना दोन दोन पाटे जास्तीचे चढवायचे. दोन टन भरले तरी गाडी ताठ. बघणाऱ्याला वाटावं, अर्धीच भरलीय. वर्षातनं एकदा सांगलीला गाडी पासिंगला न्यायची असे. तिथं तपासणारा खाली वाकून पाटे मोजायचा. म्हणून पासिंगच्या आदल्या दिवशी जास्तीचे पाटे काढायचे, दारावरचे आकडे नवे रंगवायचे, गाडी धुवायची, दुसऱ्या दिवशी पास करून आणायची आणि तिसऱ्या दिवशी पाटे परत चढवायचे. सगळे करायचे. चहाच्या टपरीवर एकमेकाला विचारायचे, "तुझं काढलंस का न्हाई अजून?" जनावराचं गोचीड काढल्यासारखं. त्यात कुणाला लाज नव्हती. मला तर अभिमान होता. थू.

मिरजेत एक म्हातारा मिस्त्री होता, पाट्याचंच काम करायचा. त्यानं पहिल्यांदा पाटे चढवताना मला सांगितलं होतं. हातात पाना तसाच धरून म्हणाला, "गड्या, एक ध्यानात ठेव. पाटा वाढवला म्हणून गाडी मोठी हुत न्हाई. आस तोच, ब्रेक तोच. पाटा फकस्त गाडीला वाकू देत न्हाई. आणि जी गाडी वाकत न्हाई ती आतल्याला मारती. ओझं हाय तवर ठीक. रिकामी चालवशील तवा कळंल."

मी म्हटलं, "रिकामी चालवायला घेतलीय व्हय?"

तो हसला. मीपण हसलो. मिस्त्री खरं तेच बोलला होता, आणि मी त्याचे पैसे देऊन, त्याचं बोलणं तिथंच टाकून घरी आलो.

रिकामी चालवली की कळायचंच. जात्यात बसल्यासारखं. हौद्यातला पाना उडून फाळक्यावर आपटायचा. माझी बायको कोंबड्या पाळायची. एकदा ती टोपलीत कोंडा घालून त्यात अंडी मांडून तासगावच्या बाजारला माझ्याबरोबर आली. टोपली हौद्यात ठेवली. बाजारात उतरून बघितलं तर कोंड्याचा लगदा झालेला. चार लोकांत मला म्हणाली, "तुमची गाडी दगडं न्यायच्या लायकीची. माणूस बसवू नगा हिच्यात." त्यानंतर ती एसटीनं जायला लागली. मी शेजारनं रिकामी गाडी घेऊन जायचो आणि ती एसटीच्या खिडकीत मांडीवर टोपली घेऊन बसलेली असायची. माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

फक्त पासिंगच्या दिवशी यायची. पाटे काढलेले असायचे, गाडी जशी बनवली तशी असायची, आणि चालायचीही तशी. त्या दिवशी ती नव्यातलं लुगडं नेसायची, टोपलीत अंडी भरायची, सांगलीत तिची थोरली बहीण होती तिला द्यायला. पुढं माझ्याजवळ बसायची. टोपली मागं हौद्यात, मुद्दाम. सांगलीत पोचलं की पहिलं काम खाली उतरून अंडी बघायची. एक फुटलेलं नसायचं. मग म्हणायची, "बघा. गाडी वाईट न्हाई. मालक वाईट हाय."

नंतर गणपतीला जायचं, बहिणीकडं जेवायचं आणि परत. एवढीच आमची वर्षाची सहल. मूलबाळ नव्हतं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मी गाडीचा आणि ती घराची.

तर त्या सकाळी रंग देऊन झाला. तिनं साचा अलगद काढला, नखानं कडेचा रंग पुसला आणि म्हणाली, "पाटे आत्ताच काढून टाका की. हायतच की कापडं मळकी."

मी म्हटलं, "संध्याकाळी काढतो. दुपारला एक खेप हाय बेदाण्याची."

"उद्या पासिंग, आणि आज खेप?"

"शेवटची."

"तुमची शेवटची कवा सरंल देव जाणं," असं म्हणत ती आत गेली. उद्यासाठी तिनं अंडी जमवून ठेवली होती. चोवीस. ती कोंड्यात मांडली, टोपली कोनाड्यात ठेवली. मग गोठ्याच्या पत्र्यावर आदल्या दिवशी वाळत घातलेल्या कुरडया काढायला शिडीवर चढली.

मी गाडीच्या तोंडात पाणी ओतत होतो. आवाज मोठा झाला नाही. पोतं टाकल्यावर होतो तेवढाच. जाऊन बघतो तर शिडी बाजूला पडलेली आणि ती गव्हाणीच्या दगडी काठावर आडवी. कुरडया सगळ्या अंगावर, केसांत. शुद्धीत होती. रक्त कुठंच दिसत नव्हतं. म्हणाली, "कमरंखाली काय तरी मोडलं. हात लावू नगा."

शेजारी आला. आमच्या शेजारचाच, माझ्या वयाचा, माझ्याबरोबर गोट्या खेळलेला. त्याची बायको आली. गल्ली जमली. गावातली एक जीप होती ती लग्नाचं वऱ्हाड घेऊन शिराळ्याकडं गेलेली. एसटीत हिला झोपवून नेता येणार नव्हतं. मोठा दवाखाना मिरजेला. राहिली माझी पिकप. रिकामी, आणि जास्तीच्या पाट्यांवर ताठ उभी.

घरातल्या सगळ्या गाद्या हौद्यात टाकल्या. खाली कडबा पसरला. दाराची फळी काढून तिच्यावर हिला उचलून आत ठेवली, तेवढ्यानंच तिचा चेहरा पांढरा पडला. शेजाऱ्यानं फाळक्याला हात लावून गाडी हलवून बघितली. ती हलली नाही. तो स्वतः गाड्यांवर राहिलेला माणूस, त्याला सगळं ठाऊक.

"ही रिकामी न्हेऊ नगंस," तो म्हणाला. "रस्त्यानं हिचा जीव जाईल. वजन पायजे आत."

"आता पोती भरत बसू व्हय? येळ न्हाई."

"पोती कशाला? आमी हाय की." आणि त्यानं गल्लीकडं वळून हाक मारली, "चला रं, चढा समदी! कडंकडंनं बसा, मधी जागा ठेवा. धा-बारा जणं झालो की गाडी दबंल."

माणसं खरोखर चढायला लागली. कुणी धोतर खोचलं, कुणी चपला खाली काढून ठेवल्या. तालमीतला एक चांगला जाड गडी होता, त्याला सगळे म्हणाले, "तू आसावर बस, तू एकटाच दोघांचा हायस." तोही हसत हसत मागच्या चाकाच्या बरोबर वर जाऊन बसला. सगळं होत होतं. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गाडी सुरू करायची होती.

मी चालवायच्या बाजूचं दार उघडायला गेलो. रंग ओला होता. बोटाला लागला. बसणारी माणसं, तीन.

आणि मी म्हणालो, "उतरा."

कुणाला कळेना.

"उतरा खाली. मालाच्या गाडीत माणसं भरून मिरजेत शिरलो तर अडवतील. कागद जप्त करतील. उद्या पासिंग हाय माझं."

शेजारी माझ्याकडं बघतच राहिला. "आरं, बाई मरायला लागलीय आणि तू पासिंग सांगतुयास?"

"उतरा म्हणतो ना!"

हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही. ज्यानं दहा वर्षं एक टनाच्या गाडीत दोन टन कोंबले, ज्यानं पाटे काढून आणि घालून तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकली, त्याला नेमका त्या दिवशी कायदा आठवला. मी आयुष्यात दारावरचा आकडा एकदाच पाळला तो हा. ह्याची मला जेवढी किळस येते तेवढी सडलेल्या जनावराचीसुद्धा येत नाही. लोक म्हणतात माणूस घाबरला की काहीही बोलतो. मी घाबरलो नव्हतो. गाडीचा विचार करत होतो.

तिनं ऐकलं. हौद्यातनं तिचा आवाज आला, "आवं, उद्याचं उद्या बघा की." मग जरा थांबून, "ऱ्हाऊ द्या. उतरा रं. त्यास्नी गाडी लाडकी हाय."

माणसं उतरली. जाड गडी सगळ्यात शेवटी उतरला आणि गाडी जरा वर आली. ते मी बघितलं. शेजारी मिरजेची एसटी धरायला थांब्याकडं निघाला, बाकीचे त्याच्या मागनं. हौद्यात हिच्याजवळ एकटी शेजारीण बसली.

तो रस्ता मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. हळू चालवावं तर वेळ जातो, जोरात चालवावं तर धक्का बसतो. मी दोन्ही केलं, आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी केलं. शेजारीण मागनं काचेवर हात मारायची. "आवं दादा, सावकाश! आवं, उडतीय ती!" मी सावकाश घ्यायचो. मग ओरडायची, "आवं, बिगीबिगी चला, डोळं फिरवाय लागलीय!" मी दाबायचो. गाडीला लवणं ठाऊकच नव्हतं. न लवणं मीच शिकवलेलं. ओढ्यावरचा एक मोडका पूल आहे, त्याच्या दोन्ही तोंडांना रस्ता खचलेला. तिथं मी गाडी जवळजवळ थांबवून चाकं खाली सोडली तरी मागं असा दणका बसला की शेजारीण किंचाळली. बायको किंचाळली नाही. मी उतरून मागं गेलो. ती आभाळाकडं बघत होती. ओठ कोरडे. केसांत अजून कुरडईचे तुकडे. मला म्हणाली, "बरं झालं, आज अंडी न्हाईत हौद्यात."

माझ्याशी ती एवढंच शेवटचं बोलली. मिरजेत पोचेपर्यंत जिवंत होती, आत नेईपर्यंतही होती. बारा वाजता डॉक्टर बाहेर आले. खुब्याचं हाड मोडलेलं, आतल्या आत रक्त गेलेलं. मी विचारलं, "साहेब, धक्क्यानं झालं का? गाडीत धक्के बसले लय."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. बोटाला पांढरा रंग होता. म्हणाले, "बाबा, मार मोठा होता. कशानं किती झालं ते आता सांगता येत नाही. मनाला लावून घेऊ नका."

लोकांना वाटलं, त्यांनी मला धीर दिला. मला त्या बोलण्याचीही शिसारी येते. ह्यानं किती झालं आणि त्यानं किती झालं, ह्याचा काटाच नाही कुठं. जिंदगीभर मी खोट्या वजनावर जगलो आणि एकदाच खरं वजन विचारलं, तर सांगता येत नाही म्हणे.

एसटीनं निघालेली गल्लीतली माणसं तोवर दवाखान्यात येऊन पोचली होती. कागदपत्रं होता होता तीन वाजले. मग तिला परत त्याच हौद्यात, त्याच गाद्यांवर ठेवली आणि सगळे चढले. मला कुणी विचारलं नाही. शेजारी, जाड गडी, सगळे. बाराचे तेरा झाले, सांगलीहून तिची बहीण निरोप ऐकून आली होती ती पुढं माझ्याजवळ बसली. मिरजेतनं निघालो तर वाटेत चौकात पोलीस उभा होता. त्यानं हौद्यात बघितलं, टोपी काढली आणि दुसऱ्या गाड्या थांबवून आम्हाला वाट करून दिली.

आणि गाडी चालली. दबून, सावकाश लवत. मोडक्या पुलावर आली तशी डाव्या अंगानं खाली गेली, उजव्या अंगानं वर आली, आणि मागं कुणाचा आवाज आला नाही. सकाळी ह्याच माणसांना मी खाली उतरवलं होतं. आरशात मला शेजाऱ्याचं तोंड दिसत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. हात तिच्या कपाळावर ठेवून बसला होता, डोकं हलू नये म्हणून. पण डोकं हलतच नव्हतं.

मावळतीच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात तिची बहीण निजलेली होती. मी उठून बाहेर आलो. सुतकात माणसानं घरात बसायचं असतं. मी जॅक लावला आणि गाडीखाली शिरलो. आदल्या संध्याकाळचं काम राहिलं होतं. बोल्ट गंजलेले, रॉकेल घालून घालून सोडवले, एक पाना सटकून कपाळ फुटलं. शेजारी दारातनं बघत होता. थोड्या वेळानं येऊन माझ्याशेजारी आडवा झाला आणि दुसरी बाजू सोडवायला लागला. चारही जास्तीचे पाटे काढून आम्ही गोठ्याच्या भिंतीला उभे केले.

"सांगलीला निघालास व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

मी कोनाड्यातनं टोपली आणली. हौद्यात कडबा तसाच होता. तिचं डोकं होतं त्या जागी टोपली ठेवली आणि एकटाच निघालो, रिकामी गाडी घेऊन, मिरजेच्या रस्त्यानं. कालच्याइतकीच जोरात चालवली. खड्डे चुकवले नाहीत. मोडक्या पुलावर गाडी थांबवलीसुद्धा नाही, तशीच घातली. पलीकडं जाऊन बाजूला उभी केली आणि मागं गेलो. कोंड्यात हात घालून एक एक अंडं बाहेर काढलं, उन्हात धरून बघितलं, परत ठेवलं. चोवीस. एकालाही तडासुद्धा नव्हता.

रस्त्याच्या कडेला बसून मी ओकलो. मग टोपली पुढं घेतली नाही, जिथं होती तिथंच राहू दिली, फाळका लावला आणि गाडी वळवून घरी आलो. येताना प्रत्येक खड्ड्याला सावकाश घेतली.